समुद्रातली शीळ आणि अण्णांचे कान

कोकणातून परत आल्यापासून श्रीगोंद्यात जो तो मला एकच विचारतोय, "काय आणलंस तिकडून?" कुणाला आमसुलं हवी असतात, कुणाला पोह्याचे पापड. मी सांगते, "शीळ आणलीय." मग माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि हळूच अण्णांकडे बघतात. दोघांतलं वेडं नेमकं कोण, याचा अंदाज घेत असावीत. वेड अण्णांचंच, मी नुसती वऱ्हाडी. पण तीच गोष्ट दहा जणांना दहा वेळा सांगून माझा घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून काढते. ज्याला हवं त्याने वाचावं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळी उमर साखर कारखान्यात फिटर म्हणून गेली. उसाच्या मिलपाशी उभं राहिलं की शेजारच्या माणसाचं तोंड हलताना दिसतं, शब्द ऐकू येत नाही. तिथे अण्णांनी आयुष्य काढलं आणि कान तिथेच ठेवून आले. गेल्या वर्षी निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा हे आमच्या नीट लक्षात आलं. आईने भाकरी तव्यावर असताना एक हाक मारायची, भाकरी फुगल्यावर दुसरी आणि भाकरी गार झाल्यावर तिसरी. एवढं करून अण्णांचं वर म्हणणं, "तूच तोंडातल्या तोंडात बोलतीस, मला चांगलं येतंय ऐकू." कानाचं नाव काढलं की गडी नाकावर राग घेऊन अंगणात जायचा. आपल्या कानाला काही झालंय हे अण्णांनी कधी कबूल केलं नाही.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, बोटीवर इंजिनात कामाला आहे. तो रजेवर आला तो एक टेपरेकॉर्डर घेऊन, सेलवर चालणारा, दोन चाकं गरगर फिरणारा. आणि बोलता बोलता त्याने सांगितलं की समुद्रात डॉल्फिन नावाचं जनावर असतं, ते पाण्याखाली शीळ घालतं. प्रत्येकाची शीळ निराळी. आपल्याला जसं नाव, तशी त्याला ती शीळ. एक हरवला की बाकीचे त्याला शिळेने हुडकतात.

दादा बोलून गेला बोटीवर, पण अण्णांच्या डोक्यात किडा सोडून गेला. जन्मभर यंत्राचे आवाज ऐकलेला माणूस. ठरवूनच बसले. "मरायच्या आत येकदा ती शीळ या कानांनी ऐकनार," असं त्यांनी आईसमोर, माझ्यासमोर आणि दारात आलेल्या दूधवाल्यासमोर जाहीर केलं. आई म्हणाली, "हिथं माझी हाक ऐकू येत न्हाई, आन् माशाची ऐकायला निघालं!" अण्णांनी अर्थातच ते ऐकलं नाही. की ऐकून सोडलं, देव जाणे.

तयारी पाण्याखाली ऐकायच्या माइकपासून सुरू झाली. साधा माइक पाण्यात गेला तर खलास. अण्णांनी तो सायकलच्या ट्यूबमध्ये घातला, आत हवेचा बुडबुडाही राहू नये म्हणून एरंडेल भरलं आणि दोन्ही तोंडं तांब्याच्या तारेने आवळली. आता हे पाण्यात बुडवून तपासायचं कुठे? हे बाहत्तरच्या दुष्काळाचं साल. आमच्या विहिरीत गाळाला भेगा. सगळ्या घरात भरलेलं पाणी म्हणजे प्यायचा रांजण! अण्णांनी आईची पाठ वळल्याचं बघून ट्यूब रांजणात सोडली, मी कानाला हेडफोन लावला, आणि त्यातून मला पहिला आवाज ऐकू आला तो आईचा. "प्यायच्या पान्यात एरंडेल सांडलं तर दोघांना तेच पाजीन!" रांजणातून तो असा घुमून आला की मी हेडफोन फेकला. पण यंत्र चालत होतं हे मात्र सिद्ध झालं.

मुरुडला

नाताळची सुट्टी लागली आणि आम्ही निघालो. मी शाळेत मास्तरीण, माझी डी.एड.ची मैत्रीण कुसुम दापोलीजवळच्या मुरुडला दिलेली. तिच्याकडे उतरायचं ठरलं होतं. एस.टी.च्या धुळीचं वर्णन करत नाही, ती आपल्याकडे घरपोच मिळते. फक्त घाटाचं सांगते. घाट उतरायला लागलो तसा डोळ्यांना इतका हिरवा रंग दिसायला लागला की मला तो खोटाच वाटायला लागला! आमच्याकडे या दिवसांत हिरवं काय तर खिडक्यांना दिलेला रंग. अण्णा खिडकीला नाक लावून बसले होते. खाली उतरल्यावर मी काहीतरी विचारलं, ते त्यांना कळलं नाही, तर म्हणाले, "घाटानं कानाला दडे बसलेत." ते दडे पुढे तीन दिवस त्यांनी पुरवून वापरले.

कुसुमचं घर म्हणजे मागे सुपारीची बाग, पुढे पडवी, पडवीत झोपाळा. बागेत रहाटाचं पाणी पाटातून खळखळत या झाडाकडून त्या झाडाकडे चाललेलं. अण्णांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्या पाटाकाठी उकिडवे बसले. कुसुमच्या सासूबाई, त्यांना सगळे काकू म्हणतात, चहा घेऊन आल्या तरी उठेनात. काकूंनी विचारलं, "काय हो, काही हरवलं का पाण्यात?" अण्णा म्हणाले, "न्हाई. बघतोय नुसतं. लई दिसांनी चालतं पानी बघितलं."  काकू चहाचा कप तिथेच पाटाच्या कडेला ठेवून गेल्या.

आम्ही वाटेसाठी नेलेल्या भाकऱ्या उरल्या होत्या, मिलोच्या. रेशनला मिळणारी ती लाल परदेशी ज्वारी, तिची भाकरी जात्याच रुसलेली. मी गुपचूप गाईला घालायला निघाले होते, तर काकूंनी बघितलं. "हे काय गं? नाचणी का?" मी काय आहे ते सांगितलं. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात घातला, बराच वेळ चावला, गिळला. आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णांच्या पानात तुपाची धार थांबायची म्हणून नाव नाही. नको म्हटलं की, "असू दे हो, आमच्याकडे असंच वाढतात." मी कुसुमला विचारलं तर ती म्हणाली की असं मुळीच वाढत नाहीत, मोजून वाढतात.

खाण्याची गंमत आणखी पुढे आहे. काकूंनी मोठ्या कौतुकाने कुळथाचं पिठलं वाढलं आणि "तुमच्याकडे हे मिळायचं नाही" म्हणाल्या. अण्णांनी एक घास घेतला आणि ओळख पटली. "हे तर आमचं हुलगं!" मग आमच्या शेंगोळ्यांची माहिती झाली, मासवडीची झाली. शाकाहारी माणसांच्या घरात मी मासवडी हा शब्द काढला तर काकू दचकून अर्धा हात मागे सरकल्या. बेसनाची असते, तिच्यात मासा औषधालाही नसतो, हे पटवता पटवता माझी सोलकढी संपली. ती गुलाबी सोलकढी! देवाने अमृत केलं तेव्हा त्यात आमसूल टाकायचं राहिलं असणार, ती चूक इथल्या बायकांनी सुधारली.

पहिला दिवस पाण्यावर

कुसुमच्या नवऱ्याने हर्णैच्या धर्मातात्यांची होडी ठरवून दिली होती. धर्मातात्या कोळी, साठीचे, उन्हाने काळे कुळकुळीत, हसले की सगळ्या चेहऱ्यावर गाळात पडतात तशा भेगा. त्यांना आम्ही कशाला आलो ते सांगितलं. ते म्हणाले, "गादा बघायला येतात लोका. ऐकायला आलेली तुमीच पयली." तिकडे डॉल्फिनला गादा म्हणतात. "बघायचा तर किनाऱ्याजवळच येतो तो. पन ऐकायचा कसा ता मला नाय ठाऊक. तुमी ऐका, मी होडी धरतो."

समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. लोक समुद्राचं काय काय लिहितात. मला आपलं एकच वाटलं, की एवढं मोठं काहीतरी रोज इथे असतं आणि आम्ही तिकडे आपले टँकरची वाट बघत जगतोय, याला काय म्हणावं! रागही आला आणि डोळेही भरले. अण्णांनी होडीतून हात खाली घातला आणि पाणी चाखलं. मग इतकं तोंड वाकडं केलं की धर्मातात्या वल्हं सोडून हसले.

सुवर्णदुर्गाच्या कातळाजवळ आम्ही ट्यूब पाण्यात सोडली. मी हेडफोन लावला. आणि काय सांगू! तडतड, तडतड, तडतड! जसं काही कुणी समुद्राच्या तळाशी खापरावर ज्वारीच्या लाह्या फोडत बसलंय. क्षणाची उसंत नाही. मी हेडफोन अण्णांच्या कानावर ठेवला. त्यांचा चेहरा उतरला.

"तडतड येतीय."

"तुम्हालाही येतेय?" मी विचारलं. मला त्यातल्या त्यात आनंद झाला. तडतड येते म्हणजे कान शाबूत आहेत.

"येतीय की. पानी शिरलं आत. वायरीला ओल लागली."

झालं. तिथून परत. अख्खी दुपार अण्णा पडवीत ट्यूब उसवून बसले. एरंडेल काढलं, माइक चुलीच्या उबेला धरला, तारा घासल्या, पुन्हा एरंडेल, पुन्हा तांब्याची तार. पाण्याचा थेंब कुठे सापडेना. काकूंच्या सारवलेल्या पडवीवर तेलाचे डाग मात्र सापडले. अण्णांनी त्यावर राख टाकून ते आणखी पसरवले.

दुसऱ्या दिवशी तिथेच ट्यूब सोडली. तडतड! अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. तुपाची धार हुकली तरी बोलले नाहीत. आमची सुट्टी संपत चालली होती आणि मला कळत होतं की अण्णांची ही एकच खेप. पुन्हा कोण पाठवणार, कोण आणणार? मी चिडून म्हटलं, "जाऊ द्या ना अण्णा, समुद्र बघितला, पोटभर जेवलो, पुष्कळ झालं." ते नुसतं एवढंच म्हणाले, "तुला बघायचा हुता. मला ऐकायचं हुतं." 

तडतडीचा उलगडा

तिसऱ्या दिवशी वारा बदलला म्हणून धर्मातात्यांनी होडी कातळापासून लांब, वाळूच्या तळावर नेली. अण्णांनी सवयीने ट्यूब सोडली, सवयीने कपाळाला आठी घातली आणि कान देऊन बसले. मग माझ्याकडे वळले.

"सुमे, कमी झाली."

मी ऐकलं. खरंच, लाह्या संपत आल्यासारखी एखाद दुसरी तडतड. अण्णांनी होडी पुन्हा कातळाकडे न्यायला लावली. तडतड वाढली. पुन्हा वाळूकडे. कमी. असं तीन-चार वेळा इकडून तिकडे झालं. धर्मातात्यांना वाटलं असणार, म्हातारा वाट विसरला. शेवटी अण्णा मांडीवर थाप मारून ओरडले, "यंत्र ठीक हाय! बिघाड यंत्रात असता तर आपल्यासंगं फिरला असता. ही तडतड कातळातनं येतीय. समुद्राचाच आवाज हाय हा!"

कातळाच्या फटींत चिमुकल्या कोळंब्या असतात, त्या नांगी आपटतात त्याचा हा गोंगाट, हे आम्हाला मागाहून दादाच्या पत्रातून कळलं. तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही दुष्काळातली माणसं, पाण्यात एवढी वस्ती असेल आणि ती एवढी बडबडी असेल, हे कुठून सुचणार? विहिरीत बादली पडली की आवाज येतो, पाणी आपणहून बोलत नाही, एवढंच आमचं पाण्याचं ज्ञान. दोन दिवस आम्ही जित्या समुद्राला बिघाड समजून त्याच्यावर एरंडेल ओतत होतो! मी इतकी हसले की होडी हलली. अण्णाही हसले. फार दिवसांनी हसले.

आणि तेवढ्यात धर्मातात्यांनी नुसतं बोट केलं.

आधी मला काही दिसलं नाही. मग पाण्याला पाठ फुटली. करडी, गुळगुळीत, ओल्या पाटा-वरवंट्यासारखी. फुस्स करून श्वास सोडला आणि बुडाली. मग दुसरी. तिसरी. एकीला चिकटून एक लहानगी पाठ. आईच्या बरोबरीने वर, बरोबरीने खाली. कुणी कुणाला शिकवायला नको की किती वर यायचं. मी सहा-सात मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं. अशा वेळी मोजणारी माणसं मला आवडत नाहीत.

"यंत्र!" अण्णा म्हणाले.

मी कळ दाबली. चाकं फिरायला लागली. हेडफोन माझ्या कानावर होता. अण्णांनीच आधी मला लावायला सांगितलं होतं, नीट येतंय ना बघायला.

आधी दार करकरावं तसा कर्रर्र आवाज आला. मग शीळ. देवा रे! इतकी उंच, इतकी पातळ की कानात सुईने दोरा ओवावा. खालून निघाली, सरसर वर चढली, मधेच थोडी खाली झुकली, आणि पुन्हा वर जाऊन टपकन तुटली. सगळं मिळून एका हुंकाराएवढं. क्षणभर शांतता, आणि पुन्हा तीच. तशीच चढून, तशीच झुकून, तशीच तुटून. मग लांबून कुणीतरी दुसरी घातली, तिची चाल निराळी, सपाट येऊन शेवटी घसरणारी. लगेच पहिलीने आपली पुन्हा म्हटली. मी इथे, मी इथे. दादाचं म्हणणं माझ्या अंगावर काटा होऊन आलं. हे शिट्ट्या मारणं नव्हतं, ही हाकाटी होती. तिन्हीसांजेला आमच्या वाडीवर बाया पोरांना हाका मारतात ना, एकेकाच्या नावाने, सूर लावून? तसं. आणि ते सगळं पाण्याच्या खाली चाललेलं, वर नुसता वारा. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं ढसाढसा आलं.

मी घाईने हेडफोन काढून अण्णांच्या डोक्यावर चढवला. ते डोळे मिटून बसले.  मग त्यांनी मान डोलावली. "वा! वा! काय शीळ हाय, सुमे!" हात जोडले त्यांनी पाण्याला.

मी खूश होऊन खाली बघितलं आणि माझ्या पायाशी हेडफोनची पिन पडलेली दिसली. होडीच्या तळाशी साठलेल्या पाण्यात, माशाच्या खवल्यांमध्ये. माझ्याच घाईत यंत्रातून निसटली होती. अण्णांच्या कानावर नुसत्या दोन गाद्या होत्या, आत काही नव्हतं. आणि अण्णा मान डोलावत होते.

मला आधी रागच आला. एवढा खटाटोप, आणि खोटं बोलायचं? तेही मला? मग मी त्यांचा चेहरा बघितला. ते माझ्याकडे चोरून बघत होते, माझा विश्वास बसला का म्हणून. मी पिन पुसली आणि गुपचूप जागेवर बसवली. आता आत शीळ जात होती हे मला माहीत होतं, कारण बाहेर पाठी अजून जवळ होत्या आणि यंत्रावरचा आवाजाचा काटा नाचत होता. अण्णांच्या चेहऱ्यावर तिळमात्र फरक पडला नाही. ते मघासारखेच डोलत राहिले. काटा पडला तेव्हाही डोलले.

त्यांना येत नव्हती. कातळाची जाडीभरडी तडतड येत होती, पण ही सुईएवढी शीळ मिलच्या घरघरीने कधीचीच त्यांच्याकडून काढून घेतली होती. आणि ते त्यांना त्या क्षणी, त्या होडीत, कळलं होतं.

पडवीत

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "ऐकलीत का शीळ?" अण्णा म्हणाले, "ऐकली की! कोकिळेवानी. मंजूळ."  ती शीळ कोकिळेसारखी मुळीच नव्हती. कुसुमने माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे बघितलं. रात्री काही बोलायचं नाही असं मी ठरवलं, सकाळी बोलावंसं वाटलं पण जमलं नाही. माणसाने आपणहून झाकलेलं आपण कशाला उघडायचं? पण जीव तुटत होता, कारण अण्णांनी त्या दिवशी एकदाही कानाला दडे बसलेत असं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, निघायच्या आधी, शीळ ऐकायला शेजारपाजार पडवीत जमला. धर्मातात्या मुद्दाम हर्णैहून चालत आले, "जलम गेला त्यांच्यात, आवाज नाय ऐकला कधी." मी टेप लावली. हेडफोन काढला, म्हणजे आवाज सगळ्यांना येईल. शीळ पडवीत वाजली तेव्हा झोपाळ्याची कडी वाजायची थांबली. काकूंनी तोंडाला पदर लावला. धर्मातात्या म्हणाले, "आयला, हाका मारतात की ते!" मी नाही सांगितलं, त्यांचं त्यांनाच कळलं.

अण्णा खांबाला टेकून रस्त्याकडे बघत बसले होते. कुणी बघितलं की मान डोलवायचे.

"परत लाव, परत लाव" करत सगळ्यांनी ती मला इतक्यांदा लावायला लावली की सेल थकले. दोन दिवस तडतड ऐकण्यात तसेही अर्धे गेले होते. चाकं जड फिरायला लागली. शीळ खाली उतरली, लांबली, रेंगाळली. चांगली सुईसारखी होती ती आता दोरखंडासारखी यायला लागली. "बिघडलं वाटतं," काकू म्हणाल्या. मला शरम वाटली. "सेल गेले," म्हणत मी बंद करायला हात पुढे केला.

"थांब!"

अण्णा इतक्या जोरात ओरडले की शेजारचं मूल रडायला लागलं. ते खांब सोडून उभे राहिले होते.

"काय वाजतंय हे?"

"तेच, अण्णा. तीच शीळ. सेल उतरलेत म्हणून..."

"बंद करू नगंस."

ते यंत्रापाशी येऊन बसले. थकल्या सेलांनी आवाजही बारीक झाला होता. अण्णांनी पिशवीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. कारखान्यात बेअरिंग खरखरतंय का ते बघायला फिटर असंच करतात, टोक यंत्रावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. त्यांनी टोक टेपरेकॉर्डरच्या पेटीला लावलं, मूठ कानामागे दाबली आणि डोळे मिटले. मी टेप मागे नेऊन पुन्हा सोडली.

आम्हाला आता नुसतं कण्हल्यासारखं ऐकू येत होतं. शेजारी उठून जायला लागले. मी मात्र अण्णांचा मोकळा हात बघत होते. तो मांडीवरून उचलला गेला. हळूहळू वर चढला. मधेच थोडा खाली झुकला. पुन्हा वर गेला आणि टपकन थांबला. बरोबर जिथे ती तुटते तिथे. क्षणभर शांत. मग पुन्हा चढला, झुकला, चढला, थांबला. मग दुसरीची पाळी आली तर हात सपाट गेला आणि शेवटी घसरला. एकदाही चुकला नाही. त्यांना कुणी ती चाल सांगितली नव्हती.

"अण्णा," मी म्हटलं.

"काल मी लबाड बोललो तुला," ते डोळे न उघडता म्हणाले. "काल काय बी आलं न्हवतं. आज येतंय. लई वरच्या पट्टीत बोलत्यात गं ती. आता जरा खाली उतरली, तवा घावली."

सगळ्यांच्या लेखी ती शीळ बिघडत चालली होती आणि अण्णांच्या लेखी ती प्रत्येक फेरीला नीट होत होती. कुसुमचा नवरा भला माणूस, त्याने सायकल काढली. "काका, एस.टी.ला वेळ आहे. दापोलीहून नवे सेल घेऊन येतो, मग नीट ऐका."

अण्णांनी डोळे उघडले आणि मोकळ्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"नगं बाबा. नव्या सेलावर ती परत तुमची हुईल. हाय तवर मला ऐकू द्या."

आणि मूठ पुन्हा कानामागे दाबून ते बसले, चाकं थांबेपर्यंत.